सासूबाईंबरोबर पाहिलेलं स्केलेटन

गेल्या रविवारी दुपारी इथे परदेशात, टॅम्पिनिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये सासूबाई आणि मी बर्फावरची शर्यत बघत बसलो होतो. बाहेर बत्तीस डिग्री, आत पंखा फुल... आणि टीव्हीवर माणसं डोकं पुढे करून उतारावरून घसरतायत.

बघत बसलो होतो म्हणजे, मी बघायचं नाटक करत होतो. माझ्यावर एक कामगिरी सोपवलेली होती. ती पार पडावी म्हणून मानसी, म्हणजे माझी बायको, मुद्दाम बाहेर गेली होती.

कामगिरी अशी... आईंना कायमचं इथे राहायला राजी करायचं. सासरे गेल्यापासून त्या मिरजेच्या घरात एकट्या असतात, आत्ता थोड्या दिवसांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. मानसी पीआर, म्हणजे इथली कायमची रहिवासी आहे, आईंसाठी लाँग टर्म व्हिजिट पासचा फॉर्म तिने अर्धा भरूनही ठेवला होता. तिने दोनदा विचारलं, आईंनी दोन्ही वेळा विषय बदलला. मग तिने हुकमाचा पत्ता काढला. "तू सांग. जावयाचा शब्द आई मोडणार नाही."

हे अगदी खरं आहे. लग्नानंतर एकदा मी सहज म्हणालो की चहात साखर थोडी कमी चालेल... तर त्या घरातल्या सगळ्यांचीच साखर कमी झाली, सासऱ्यांसकट. मिरजेत तोंड जपून उघडायचं, हे मला तेव्हाच कळलं.

आई निवृत्त पीटी टीचर. मुलींच्या शाळेत जन्मभर खो-खो आणि रिले शिकवली, त्यामुळे खेळ कुठलाही असो, कळेपर्यंत सोडत नाहीत. हे होतं मिक्स्ड टीम स्केलेटन. खाली दोन पट्ट्या असलेल्या एका बुटक्या गाडीवर पालथं पडायचं, हनुवटी बर्फाला लागेल इतकी खाली, आणि सुसाट सुटायचं. ब्रेक नाही. आधी टीममधली बाई उतरते, मग पुरुष, आणि दोघांच्या वेळांची बेरीज करतात.

नवरा-बायको आहेत का हे, असं आईंनी विचारलं. "नॉट मॅरिड लाह, आजी. जस्ट टीममेट्स," आमची नऊ वर्षांची इरा इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली आणि सायकल घेऊन खाली पळाली.

आईंना गंमत वाटली ती वेगळीच. रिलेत निदान बॅटन तरी हातात द्यायची असते... इथे दोघं एकमेकांना बोटही लावत नाहीत. आपलं उतरून झालं की ती बाई खाली हेल्मेट काढून उभी, डोळे मोठ्या स्क्रीनवर. तो वळणावर जरा भिंतीला घासला की हिचे खांदे हलायचे.

"बघा निखिलराव, ती खालून वळवतेय त्याला," आई म्हणाल्या आणि हसल्या.

मग त्या शाळेच्या स्पोर्ट्स डेबद्दल बोलायला लागल्या. शंभर मीटरला कुणाची तरी आई हमखास चुन्याची रेघ ओलांडून आत शिरायची आणि लेकीच्या शेजारून पळायला लागायची. एकीने तर लेकीचा हातच धरला. मुलगी पहिली येत होती, पण सासूबाईंना तिला बाद करावं लागलं... ती बाई पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही.

"प्रेमानेच शिरली होती हो," आई म्हणाल्या. "पण मुलीची शर्यत गेली ना."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज बंद केला.

"मी इथेच राहावं असं मानसीने तुम्हाला बोलायला सांगितलंय ना? तुम्ही म्हणालात तर मी नाही म्हणणार नाही. म्हणून आधीच विचारते... म्हणणार आहात का?"

खरं सांगतो, मलाही त्या हव्या होत्या. इरा शाळेतून येते तेव्हा दार उघडायला कुणीतरी असतं, मी कॉलवर असताना लॅपटॉपशेजारी गुपचूप चहा येतो, भारतातून फोन आला की मानसी दचकत नाही... स्वार्थ म्हणा, काळजी म्हणा, दोन्ही होतं. एक वाक्य बोललो असतो तर काम झालं असतं.

पण मला ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठच्या बागेतली आदल्या दिवशीची सकाळ आठवली. काही मुलं गवतावर शर्यती लावत होती आणि एकीचा पाय स्टार्टला सारखा चुकत होता. आई दोन पावलं पुढे गेल्या, सांगायला हात वर केला... आणि आपलं मराठी तिला कळणार नाही हे लक्षात आलं असावं, हात तसाच खाली घेतला. मिरजेत आजही रोज संध्याकाळी ग्राउंडवर पंधरा-वीस मुली सरावासाठी त्यांची वाट बघतात. इथे आम्ही त्यांना सगळं देऊ, पण त्या मुली कुठून आणणार?

"नाही आई. मी तसं म्हणणार नाही," मी सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि टीव्हीचा आवाज पुन्हा चालू केला. शेवटची टीम उतरेपर्यंत आम्ही दोघंही शर्यत बघत बसलो.

मानसी परत आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती दोन-तीन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. "तिथे तिला एकटीला काही झालं तर?" एवढंच एकदा म्हणाली. काल मात्र तिनेच बसून आईंचं परतीचं तिकीट काढलं, पाय मोकळे करायला उठता यावं म्हणून कडेची सीट बघून.

माझ्या डोक्यातून एकच गोष्ट जात नाहीये. आईंनी विचारलं नसतं तर मी बोललो असतो. त्या हो म्हणाल्या असत्या, अगदी हसून म्हणाल्या असत्या... आणि त्या इथे सुखात आहेत असं मी जन्मभर समजत राहिलो असतो.

थँक यू, आई... मला वेळेवर अडवलंत.