वारा नसलेल्या तळ्यावर आर्लिस

आमच्या अलास्कातल्या तळ्याकाठच्या वस्तीला धावपट्टी नाही, म्हणून आर्लिस नायगार्ड आहे. तिच्या छोट्या विमानाला चाकांच्या जागी पाण्यावर तरंगणारे दोन लांब, पोकळ फ्लोट आहेत. त्यांच्यामुळे ती कुठल्याही तळ्यात उतरते, आणि त्यांच्याच वजनामुळे निघताना विमान जेवून तट्ट झालेल्या पाहुण्यासारखं उठायला मागत नाही. रोज सकाळी ती फ्लोटांत झिरपलेलं पाणी हातपंपाने उपसते, विमानाशी गोड बोलत. माणसांशी ती असं बोलल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

एका दुपारी वस्तीतल्या रमोनाला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या, रक्तही जाऊ लागलं. दवाखाना डोंगरापलीकडे. आणि तळं आरशासारखं सपाट. असं पाणी फ्लोटांना चिकटवून धरतं. लाटा असल्या तर ते सुटतात.

रमोनाचा नवरा वेंडेल मात्र मूस हरणाची अख्खी तंगडी विमानात चढवत होता.

“हे काय?” आर्लिसने विचारलं.

“सासू तिथंच राहते. रिकाम्या हाताने कसा जाऊ? म्हातारी जन्मभर ऐकवेल.”

“उतरव.”

तंगडी उतरली, तरी पहिल्या धावेत फ्लोट सुटले नाहीत. समोरची झाडं अंगावर येऊ लागली तशी आर्लिस परत फिरली.

“वेंडेल, आता तू उतर.”

“त्यापेक्षा पेट्रोल कमी कर ना.”

“आणि डोंगरावर काय, फुंकर मारू?”

“अगं, बायको आहे माझी.”

“जा रे,” रमोना कण्हत म्हणाली, “तिथं तू चक्कर येऊनच पडणार.”

तो उतरला. मी काठावरच उभा होतो. मग आर्लिस माझ्याकडे वळली. “तुझी मोटरबोट काढ. माझ्या वाटेवर गोल गोल फिरव, पाणी फोड. मी निघाले की बाजूला हो. तुझ्यासाठी वळणार नाही मी.”

मी पाणी घुसळून काढलं आणि काठाला पळालो. विमान आलं, आर्लिसने ते मुद्दाम एका अंगावर झुकवलं. एक फ्लोट सुटला, मग दुसरा. ते झाडांवरून गेलं की झाडांत, मला बोटीतून कळेना. इंजिनाचा आवाज मात्र थांबला नाही.

बऱ्याच वेळाने काठावरच्या रेडिओवर आर्लिसचा आवाज खरखरला. “पोचलो. तिला आत नेलंय.”

“बाळ?” वेंडेलने विचारलं.

“अजून काही सांगत नाहीत. वारा सुटला की तुला न्यायला येते.”

वेंडेल रेडिओ धरून तळ्याकडे बघत राहिला. पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती.