मुरुडच्या पाण्याखाली
ओल्या सुती कपड्याला खारट वास आला की माणगावहून एसटीने मुरुडला गेलेली शाळेची सहल आठवते. मुलगे समुद्रात डुंबत होते आणि आम्ही मुली गुरुजींच्या हुकमाने वाळूत बसून त्यांचे कपडे राखत होतो. खडकावर कालवं काढणारी एक कोळीण मला म्हणाली, "पान्यात डोलं उघडून बघ गो, मासं दिसतील." मी परकर खोचला आणि खडकालगतच्या नितळ पाण्यात डोकं बुडवलं. डोळे झोंबले, पण पट्ट्यापट्ट्यांचे इवले मासे अगदी नाकासमोरून गेले. "बाहेर ये आधी!" गुरुजी ओरडले. "अजून बघून झालं नाही," म्हणत मी पुन्हा बुडी मारली. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर माफी मागायला उभं केलं, तेव्हा मी माशांबद्दलच सांगत राहिले आणि दोन छड्या खाल्ल्या. आता सत्तरी उलटली, माफी अजून मागितलेली नाही.