ग्रुपवर टाकलेला आईचा आवाज

मी रत्नागिरी सोडली त्या सकाळी आई एसटी स्टँडवर आली ती थेट बंदरावरून, हाताला खवले तशीच. बाबा बोटीवर होते, दर्यात. कोल्हापूरची गाडी सुरू झाली (तिथून पुढे मला बंगळूरची पकडायची होती) आणि मी खिडकीची काच लावून घेतली, कारण आता आई ओरडणार हे मला ठाऊक होतं. ती ओरडलीच. "पोचलीस की फोन कर गो! आनि गाडीत कोनाचा दिलेला काय खाव नको!" इंजिनाच्या वर, बंद काचेतून, सगळ्या स्टँडला ऐकू गेलं. शेजारच्या बाई माझ्याकडे बघून हसल्या. मी मोबाइलमध्ये तोंड खुपसलं.

माझी आई बंदरावर मासळीचा लिलाव पुकारते. पुकारायची, असं लिहायला हवं, पण हात वळत नाही. बोटी लागल्या की बांगड्याच्या, म्हाकुळाच्या पाट्या ओळीने मांडतात. भोवती गर्दी, इंजिनं, बर्फ फोडायची मशीनं, आणि त्या सगळ्याच्या वर एक बाई उभी राहून दोन-दोन तास बोली चढवत नेते. जाड, खरखरीत आवाज. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. शाळेच्या गॅदरिंगला ती आली की मी मनात म्हणायचे, देवा, हिला मला हाक मारायची बुद्धी देऊ नकोस.

बंगळूरला पहिले चार महिने मी कुणाशी फारशी बोलले नाही. मग ऑफिसातल्या नंदीशने एकदा जेवताना त्याचे हेडफोन माझ्या कानाला लावले. मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणारं रॉक संगीत. गायक गात नव्हताच, गुरगुरत होता. बाकीचे याला गोंगाट म्हणतात. मला वाटलं, अगं बाई, हे तर आपलं बंदर! त्या गावात पहिल्यांदा मला घरच्यासारखं वाटलं ते तेव्हा.

नंदीशने मला त्यांच्या ग्रुपवर घेतलं. आम्ही नऊजण. मेटलवाल्यांना मतं फार. अमक्या बँडचा दुसरा अल्बम खरा की तिसरा, ड्रम हाताने वाजवलेत की कॉम्प्युटरवर, काळा शर्ट विटू नये म्हणून कसा धुवावा. ज्या बँडचा कार्यक्रम त्याच बँडचा शर्ट घालून जाणं हे नंदीशच्या मते पाप. आणि सगळ्यात मोठी भांडणं आवाजावरून. जोएल आमच्यातला एकटाच खरोखर गाणारा. तो शिकवायचा, की नीट ओरडणारा माणूस वीस वर्षं ओरडतो आणि चुकीचा ओरडणारा दोन वर्षांत गळा फाडून घेतो. ऐकून ऐकून माझाही कान तयार झाला, असा माझा समज होता. शर्टही साठले. पहिला घालून घरी गेले तर त्यावरचं बँडचं काटेरी नाव बघून आई म्हणाली, "ह्या जाळा कोनी गुंतवलान?"

रविवारी दुपारी आमचा एक खेळ चालायचा. कुणीतरी दहा सेकंदांचा आवाज नाव न सांगता टाकायचा, बाकीच्यांनी ओळखायचं. या वर्षी शिमग्याला घरी गेले तेव्हा मी आईचा लिलाव रेकॉर्ड करून आणला होता. एका रविवारी त्यातले दहा सेकंद टाकून दिले.

ग्रुप वेडा झाला. नॉर्वेचा बँड, नक्की. नाही, अल्बमच्या आधीचं जुनं डेमो रेकॉर्डिंग आहे, इतका कच्चा आवाज आता कोण ठेवतो? नंदीशने लिहिलं, "या माणसाचा शर्ट मिळत असेल तर मी आत्ता घेतो." मी लिहिलं, "माणूस नाही. माझी आई." मग काय विचारता! अर्ध्या तासात कुणीतरी शर्टाचं चित्रही काढलं, डोक्यावर पाटी घेतलेली बाई आणि खाली काटेरी अक्षरांत 'बांगडा'. माझी छाती फुलली. ज्या आवाजाला काच लावून घेतली होती, तोच मी मिरवत होते.

संध्याकाळी जोएलचा वेगळा फोन आला. "तुझी आई कधीपासून अशी बोलते?"

"पहिल्यापासून."

"नाही. नीट ऐक. चौथ्या सेकंदाला आवाज तुटतो आणि नुसती हवा येते. सातव्याला परत. ही कमावलेली खरखर नाही. माझ्या गळ्याच्या ऑपरेशनच्या आधी माझं असंच होतं. तिला डॉक्टरला दाखव."

मी आईचे जुने व्हॉइस मेसेज काढून बसले. गेल्या गणपतीत तुटत नव्हता. दिवाळीत थोडा. संक्रांतीच्या मेसेजमध्ये 'तिळगूळ' शब्दाचा शेवट ऐकूच येत नव्हता. आणि त्याच्याखाली माझं उत्तर होतं: "आई, तुझा आवाज काय भारी झालाय गं!" माझ्या आईच्या गळ्यात काहीतरी वाढत होतं आणि मी त्याला दाद देत होते.

फोन केला तर म्हणते, "घसा बसलाय जरा, दुसरा काय नाय झाला. दर्याचा वारा हाय." दुसऱ्याच दिवशी निघाले. हाताला लागले ते कपडे बॅगेत कोंबले.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि विचारलं, "तंबाखू खाता?" आई बाणेदारपणे म्हणाली, "तंबाखू नाय वो. मिश्री नुसती. सकाळची आनि दुपारची. आनि झोपताना." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. गाठ होती. कोल्हापूरला नेऊन काढली, तपासायला पाठवली, आणि रिपोर्ट येईपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही असं सांगून आम्हाला घरी पाठवलं.

त्या आठ दिवसांइतकी मी आयुष्यात कधी घाबरले नाही. आईच्या हातात पाटी-पेन्सिल. मला बोलवायला ती टाळी वाजवायची, आणि प्रत्येक टाळीला मी हातातलं टाकून धावायचे. आमच्या घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येते हे मला तेव्हा कळलं. बाबा बोटीवर गेले नाहीत. नुसते ओटीवर बसून जाळ्याचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा शिवत राहिले.

रिपोर्टच्या दिवशी धुतलेला एकच शर्ट उरला होता, आणि त्याच्यावर ही मोठी कवटी. मरणाची गाणी मी इतकी वर्षं आवडीने ऐकली, कवट्या पैसे टाकून घेतल्या, आणि त्या दिवशी मी तो शर्ट उलटा करून घातला. आईने पाटीवर लिहिलं, 'शिवन वर आली.' मी म्हटलं, राहू दे. तिने माझ्याकडे पाहिलं, हाताने पाटी पुसली आणि लिहिलं, 'भितंस काय?' मी मान डोलावली. मग तिने पेन्सिल खाली ठेवली आणि माझा हात धरून बसली.

कॅन्सर नव्हता. पण व्हायच्या वाटेवर होतं, असं डॉक्टर म्हणाले. दर तीन महिन्यांनी तपासणी. मिश्री बंद. आणि ओरडायचं नाही, कधीच नाही. पुन्हा गळा ताणला तर पुढचं सांगता येत नाही.

मी बंगळूरला परत आले. बंदरावर राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, घर म्हणजे काय असं मला आता विचाराल तर घर म्हणजे आईचा रोजचा अर्ध्या मिनिटाचा मेसेज. तो मी दोनदा ऐकते. पहिल्यांदा नुसता गळा ऐकते. कुठे तुटतो का, हवा येते का, शब्दाचा शेवट लागतो का. ती काय बोलली ते माझ्या कानात शिरतच नाही, इतकी भीती बसली आहे. गळा ठीक निघाला की मगच तिचं बोलणं ऐकायला धीर होतो.

परवाचा मेसेज असाच ऐकला. कुठेही तुटत नव्हता. सगळे शब्द शेवटापर्यंत स्वच्छ, आवाज मोकळा, हसरा. किती दिवसांनी इतका छान लागला होता! मी लगेच अंगठा पाठवला, त्याच्यापुढे एक लाल बदाम पाठवला, आणि मग दुसऱ्यांदा लावला.

"बाय गो," ती सांगत होती, "आज बंदरावर गेलंलंय. त्या नवीन बाईला काय जमत नाय. चार पाट्या मीच पुकारल्या. येवडा बरा वाटला म्हनून सांगू!"