कागद फाटला तो दिवस

“आदी माहा हात पाहा, मंग बोला!” असं म्हणत मावशी दारातूनच हात पुढे करत.

कारंज्याच्या दवाखान्यात मी कुष्ठरुग्णांच्या हातापायांची ताकद तपासायचो, व्यायाम शिकवायचो. मावशी भाजीची टोपली घेऊन इंझोरीहून एसटीने बाजाराला येत आणि वाटेत कुष्ठरोगाच्या गोळ्या घ्यायला आमच्याकडे डोकावत. रांगेतल्या सगळ्यांशी त्यांची ओळख. तुम्ही असता तर तुमचीही झाली असती.

एका सकाळी मात्र त्यांनी हात पुढे केला नाही. अंगावरचे चट्टे लालबुंद सुजलेले, कोपर ठणकत होतं, उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट वळलेलं. मेथीची जुडी बांधता येईना.

“तुमच्याच गोळ्यानं झालं हे. म्या बंद केल्या.”

डॉक्टर मॅडम स्टूल ओढून जवळ बसल्या. “मावशी, ही रिॲक्शन आहे. मेलेल्या जंतूंवरही शरीर खवळतं, त्यात कोपराजवळची नस सुजली, म्हणून बोटं वळली. जुन्या गोळ्या चालूच ठेवायच्या, सोबत स्टेरॉईड. उशीर केला तर बोटं अशीच राहतील.”

“स्टेरॉईडनं हाडं ठिसूळ होते म्हंते लोकं. दुसरं काही नाही काय?”

“आहे, पण ते वेगळ्या रिॲक्शनला. सुजलेल्या नसेला आत्ता हेच. साखर, बीपी आम्ही बघत राहू.”

मावशी बोटांकडे बघत राहिल्या. “द्या मंग. हात गेल्यावर हाडं घेऊन काय करू?”

स्टेरॉईडच्या गोळ्यांनी तोंड सुजलं. “सून म्हंते, आत्याबाई, तुमी गुटगुटीत दिसून राह्यल्या!” ठणका थांबला तशी त्यांना घाई झाली, “आता कायले गोळ्या?” मॅडमनी बजावलं, हे औषध एकदम सोडायचं नाही, हळूहळू कमी करायचं. कुरकुरत का होईना, मावशींनी ऐकलं.

दर खेपेला ताकद बघायला मी त्यांच्या करंगळीत आणि शेजारच्या बोटात कागद धरायला देई आणि ओढी. तो अलगद सुटून येई. मावशी खिडकीबाहेर बघत.

मग तो दिवस आला. मी कागद ओढला. सुटेना! पुन्हा ओढला.

“ओढा ना भाऊ! काहून, जेवले नाही काय?”

मी जोर लावला आणि कागद टर्रकन फाटला. अर्धा माझ्या हातात, अर्धा त्यांच्या बोटांत! मावशी ओरडल्या, मी ओरडलो, रांगेतली माणसं आत धावली. मॅडम दुसऱ्या रुग्णाला सोडून आल्या, तर मावशींनी त्यांना मिठीच मारली.

औषधं संपली, मावशींचं येणं थांबलं. पुढच्या चैत्रात मी पोहरादेवीच्या यात्रेत गेलो. त्या गर्दीत मावशी टरबुजांच्या ढिगामागे उभ्या होत्या. एक भलं मोठं टरबूज दोन्ही हातांनी डोक्याइतकं उंच धरून गिऱ्हाइकाशी कडाक्यानं भांडत होत्या. मी हाक मारली नाही. भांडण रंगात आलं होतं.