पडद्यावरचं कुत्रं

हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं, यामागे काही थोर कारण नाही. गुन्हाच इतका हास्यास्पद आहे की सांगताना लाज आधी येते आणि पश्चात्ताप मागून. मी एका कॉम्प्युटरबद्दल खोटं मत दिलं. त्यात एका बाईची नोकरी गेली नाही, पण जागा गेली.

वर्ध्याच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी बडे बाबू होतो. नव्वदच्या दशकात तिथे पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा आम्ही त्याला हार घातला आणि त्याच्यापासून चार हात दूर राहिलो. जवळ गेली ती एकच, पवनारहून रोज बसने येणारी एक टायपिस्ट बाई. दोन-चार वर्षांत टी.सी., बोनाफाइड, प्रवेशाच्या याद्या सगळं तिच्या बोटांवर आलं. पडद्याकडे न बघता ती भाजी निवडल्यासारखं काम करायची आणि वर आमची उणीदुणीही काढायची. होती ती टेम्पररीच. पण ऑपरेटरची कायम जागा मंजूर होणार होती आणि ती तिचीच, यात कोणाला शंका नव्हती.

दोन हजारनंतर तीन-चार वर्षांनी संस्थेच्या सचिवांच्या जावयाने कॉम्प्युटरचा धंदा काढला. साहजिकच आमचे जुने डबे एकदम निकामी ठरले. नवे आले, त्यात नवी विंडोज. करडा पडदा गेला. निळी पट्टी, हिरवं बटण आणि मागे हिरवीगार टेकडी आली.

शिपाई बराच वेळ टेकडीकडे बघत होता. म्हणाला, "एवढं रान हिरवं अन् एक बकरी नाई? फोटो खोटा हाय."

अकाउंटंटला ते लग्नाच्या मंडपासारखं वाटलं. बाईचं मत मात्र कामाचं होतं. रोजच्या गोष्टी जागेवर नव्हत्या, मेनू अर्धे लपलेले, आणि फाइल शोधायला गेलं की कोपऱ्यात एक पिवळं कुत्रं येऊन शेपटी हलवत बसायचं.

"मले माही फाइल पाह्यजे," ती म्हणाली, "हे कुत्रं काऊन माह्या तोंडाकडे पाहून राह्यलं?"

मलाही काही सापडत नव्हतं. पण बड्या बाबूने हे कबूल कसं करायचं? मी जावयाला एकट्याला गाठलं. त्याने हसत हसत माझ्या पडद्यावर कुठेतरी चार टिचक्या मारल्या, आणि करडी पट्टी, जुना मेनू, सगळं पूर्वीसारखं झालं. कुत्रंही हाकललं. "काका, हे बाहेर बोलू नका. जुनंच दिसायचं तर नवं कशाला घेतलं म्हणतील." मी त्याच दुपारी पडद्याचं तोंड भिंतीकडे होईल असं माझं टेबल वळवलं. उजेड डोळ्यांवर येतो, असं सांगितलं.

संस्थेच्या शाळांसाठीही हेच कॉम्प्युटर घ्यायचे होते. म्हणून सचिवांनी सर्वांचे अभिप्राय ऐकायला बैठक बोलावली. नेमका धोंड्याचा महिना. जावयासाठी घरी तळलेल्या अनारशांचा डबा सचिवांनी बैठकीत आणला होता आणि जावई शेजारी बसला होता, अंगावर नवा शर्ट, बोटात नवी अंगठी. आता मला सांगा, अधिकमासात, जावयाच्या वाणाचे अनारसे तोंडात धरून, जावयाच्या मालाला कोण नावं ठेवणार? एकेकाने अनारसा उचलला आणि "छान आहे" म्हटलं. अनारसा की कॉम्प्युटर, हे कोणी स्पष्ट केलं नाही.

बाईने अनारसा घेतलाच नाही.

"सर, प्रवेशाचे दिवस हायेत. पोरं खिडकीत उभे हायेत अन् मी मेनू धुंडून राह्यली. जुन्यासारखं करता येत असन तं करून द्या. नाई तं चार दिवस शिकवा."

खोलीत सगळ्यांची तोंडं चावायची थांबली. सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. "बडे बाबू, तुमचं काय म्हणणं?"

माझ्या तोंडात दुसरा अनारसा होता. तो गिळून मी म्हणालो, "मला तर फार सोपं वाटलं बुवा. वय झालं की नवं जड जातं, एवढंच."

ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान होती. सगळे हसले. जावई सर्वांत मोठ्याने.

कायम जागा सचिवांच्या ओळखीतल्या एका मुलीला मिळाली. बाईला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. कॉम्प्युटरवर चालणारी बोटं शिक्के मारू लागली.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी ती कुठल्याशा कागदासाठी माझ्या टेबलामागे आली. पडदा चालू होता. तिने पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"बाबूजी, तुमच्याइथं कुत्रं नाई?"

"मेलं असेल," मी म्हणालो. शिपाई खो खो हसला. ती हसली नाही.

पुढच्या धोंड्याच्या महिन्यात आमच्याकडेही जावई जेवायला आला. दुसऱ्या दिवशी उरलेले अनारसे डब्यात भरून मी पवनारची बस धरली. वाक्य पाठ केलं होतं: 'बाई, माझाही पडदा जुनाच होता, आणि ते मी बोललो नाही.' धाम नदीच्या पुलापर्यंत ते तीनदा म्हणून पाहिलं. शेजारचा माणूस सरकून बसला.

तिने पाणी दिलं. "काऊन आले बाबूजी?"

मी खिशातला मोबाइल काढला. मुलाने नवा दिला होता आणि त्यातलं मला खरंच काही सापडत नव्हतं. "हे जरा बघा," म्हणालो. तिने चष्मा न लावता दोन-चार बटणं दाबली.

"घ्या. जुन्यासारखं करून देल्लं. कोणाले सांगू नका, नाई तं म्हणतील वय झालं."

आता बोलायचं होतं. तीही थांबली होती, मी दिलेला डबा हातात घेऊन, झाकण न उघडता.

मी म्हणालो, "बाई, परतीची बस किती वाजता आहे?"