जयंत मोघ्यांची पुढची खोली

देवास गेटच्या मागच्या रस्त्यावर मोघ्यांचं घर होतं आणि त्या घराची पुढची खोली ट्रकांची होती. आल्यागेल्याला आतल्या पलंगावर बसावं लागे. बाहेरच्या या खोलीत जयंतरावांनी तीन भिंतींना काचेची कपाटं करून घेतली होती. त्यांत डंपर, टँकर, ट्रेलर, पुढे नाक असलेले जुने ट्रक, पत्र्याचे, लाकडाचे, धातूचे, बोटभर ते हातभर लांबीचे. बँकेतली सगळी नोकरी त्यांनी नेकीने केली, पण जीव इथे होता. कार्तिक मेळ्यात ते खेळण्यांच्या दुकानांपुढून हलत नसत. परदेशी निघालेल्या कुणाही ओळखीच्याला तिथला एक ट्रक आणायला सांगत. त्यांची बायको प्रतिभाताई सुरुवातीला वैतागल्या, मग स्वतःच एक मऊ ब्रश आणून धूळ झटकू लागल्या.

सिंहस्थाच्या कुंभमेळ्यासाठी रस्ता रुंद होणार हे ऐकून ऐकून जुनं झालं होतं. एका सकाळी दोन माणसं टेप घेऊन आली आणि बाजूच्या भिंतीवर लाल रेघ ओढून गेली. रेघेपासून रस्त्यापर्यंतचं सगळं पाडायचं होतं, आणि त्यात पुढची खोली अख्खी येत होती.

जयंतराव महापालिकेच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबाने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि शांतपणे सांगितलं की सगळ्यांचंच जातंय. कुणी उर्मट बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं. परत आले तेव्हा शेजारचे भय्यासाहेब मजूर लावून आपला ओटा आपणच फोडून घेत होते. बंगलोरहून मुलगा अमोल फोनवर म्हणाला की फोटो काढून ठेवा आणि देऊन टाका कुणाला तरी. ते जवळच्या शाळेत विचारायला गेले. मुख्याध्यापिकेला फार आनंद झाला. व्हरांड्यात ठेवू, मुलं खेळतील, म्हणाल्या. ते ऐकून जयंतरावांनी हात जोडून नको म्हटलं आणि ते घरी आले.

मग बांधाबांध सुरू झाली. प्रतिभाताईंनी जुन्या सुती साड्या काढल्या, फाडल्या आणि एकेक तुकडा त्यांच्या हातात देत गेल्या. जयंतराव एकेक ट्रक गुंडाळत होते. खोकी पलंगाखाली गेली, कपाटावर गेली, मोरीवरच्या माळ्यावर गेली.

पाडायच्या दिवशी सगळा मोहल्ला समोरच्या चहाच्या दुकानापाशी उभा होता. पोकलेन आला. त्याचा पंजा छपराला लागला, तेव्हा प्रतिभाताईंनी तोंड फिरवलं. जयंतरावांना फिरवता आलं नाही. आतल्या खोलीला धक्का न लावता तो लोखंडी हात किती अलगद वळतोय, हे ते बघत राहिले. आपण हे कौतुकाने बघतोय हे लक्षात आलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

मलबा भरायला डंपर लागला. ड्रायव्हर देवासकडचा, पन्नाशीचा माणूस. त्याने पाणी मागितलं. जयंतरावांनी तांब्या आणून दिला आणि भरलेली गाडी चढावर कशी ओढते ते विचारलं. मग टायरांचं विचारलं. ड्रायव्हरने तांब्या परत केला आणि केबिनचं दार उघडलं.

“बाबूजी, बैठोगे?”

आयुष्यभर ट्रक जमवलेल्या या माणसाने खऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये कधी पाय ठेवला नव्हता. लहानपणी वडिलांच्या धाकाने, पुढे बँकेतला माणूस म्हणून संकोचाने. नको म्हणायला त्यांनी मान हलवली, पण हात दांडीकडे गेला होता. ड्रायव्हरने खालून आधार देऊन चढवलं.

स्टिअरिंग त्यांना वाटलं होतं त्याहून मोठं होतं. त्यांनी दोन्ही हात त्यावर ठेवले आणि समोर पाहिलं. काचेतून त्यांचं घर दिसत होतं, उघडं पडलेलं. मधल्या भिंतीवर, जिथे कपाट होतं, तिथे रंग अजून नवा होता. त्या चौकोनाशेजारच्या उघड्या चौकटीतून आतला पलंग, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल, देवघर, सगळं रस्त्यावरच्या लोकांना दिसत होतं. मागे त्यांच्याच खोलीच्या विटा धडाधड पडत होत्या आणि प्रत्येक वेळी सीट हादरत होती.

“अहो, उतरा आता,” खालून प्रतिभाताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

ते उतरले. डंपर भरला आणि निघून गेला.

आता मधल्या भिंतीत दार बसवलंय आणि ते थेट रस्त्यावर उघडतं. पलंगापासून रहदारी हाताच्या अंतरावर आहे. अवजड गाडी गेली की खोकी आतल्या आत कुरकुरतात. ती उघडावीत असं प्रतिभाताई एकदोनदा म्हणाल्या. ट्रक ठेवायचे कुठे, असं जयंतरावांनी विचारलं.

परवा दुपारी जयंतराव पलंगावर पडले असताना भांडी खणखणावीत इतकं मोठं काहीतरी दारावरून गेलं. त्यांना जरा बोलतं करावं म्हणून प्रतिभाताईंनी विचारलं, “कोणती गाडी होती हो?”

“बघितली नाही,” जयंतराव म्हणाले आणि कुशीवर वळले.