कंपाउंड म्हणजे गाव

आनमारी टीचरना राग फार लवकर यायचा, आणि बहुधा शब्दांवरून यायचा. देवबागच्या शाळेत त्या आम्हाला इंग्रजी शिकवत. कुणी नुसता अर्थ पाठ करून आलं की खडू टेबलावर आपटत. "अर्थ मगे सांग. आधी तो शब्द खंयसून इलो, ता सांग."

एकदा ‘कंपाउंड’ निघाला. कंपाउंडर औषधं मिसळतो, तो शब्द लॅटिनमधला, एकत्र ठेवण्याचा. घराभोवतीच्या कंपाउंडचा मात्र त्याच्याशी संबंध नाही. तो मलायातला ‘कांपुंग’, म्हणजे गाव, वाडी. दर्यावर्द्यांच्या तोंडून इंग्रजीत शिरला आणि पहिल्यासारखाच दिसू लागला. आम्हाला तेव्हा गंमत वाटली.

टीचर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर आमच्या वाडीतली माडांची जागा मुंबईच्या एका हॉटेलवाल्याने घेतली. किनाऱ्यावर जायच्या वाटेवरच त्याने चिऱ्यांची भिंत घातली. पुढे होडी वर ओढताना आमच्या रघूदादाचा पाय होडीखालीच आला. भिंतीच्या फाटकाला कुलूप, वॉचमन उघडेना. वाळूतून लांबचा वळसा घालून आम्ही त्याला रस्त्यावर आणलं. मालवणला डॉक्टर म्हणाले, कंपाउंड फ्रॅक्चर आहे, हाड कातडी फोडून बाहेर आलंय, आणायला उशीर झाला. आमच्यासोबत आलेल्या टीचर शेजारीच उभ्या होत्या. "ह्यो अर्थ तुमका शिकवचो रवलो," एवढंच म्हणाल्या.

रघूदादा पुन्हा समुद्रावर गेला नाही.

ग्रामसभेत हॉटेलच्या मॅनेजरने सांगितलं, आमच्या कंपाउंडमधून गावाला वाट देता येणार नाही. टीचर शुद्ध मराठीत बोलायला उठल्या, पण ती शुद्ध मराठी दोन वाक्यंही टिकली नाही.

"कंपाउंड म्हणजेच गाव रे. गावाचा नाव घेतलंस आणि गावाकच भायर ठेवतंस?"

मॅनेजर हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्तरी ओलांडलेल्या टीचर पहार घेऊन भिंतीशी उभ्या. पहिला चिरा निघेपर्यंत आम्ही बायका बघत राहिलो. मग कुणी थांबलं नाही. दुपारपर्यंत वाट मोकळी झाली.

हॉटेलवाल्याने आम्हा सगळ्यांवर केस घातली. टीचर प्रत्येक तारखेला एसटीने मालवणला जात आणि धुमसतच परत येत. माफी मागून मिटवून टाका, असं आमच्याच वकिलाने सुचवलं, तेव्हा म्हणाल्या, "आधी त्येंका रघूची माफी मागूक सांगा. मगे बघूया."

गेल्या वर्षी टीचर गेल्या. केस अजून चालू आहे. मिटवायचं का, असं वकिलाने परवा मला विचारलं. नाही म्हणायला मला विचार करावा लागला नाही.